पॅसेजमधला उलटा पापुद्रा

मी एक पापुद्रा बोलतोय. हसलात? हसा बापडे. जाडी विचाराल तर जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण आहे अस्सल सागवानाचा. बाजारात मला व्हिनियर म्हणतात. ज्या ओंडक्याच्या फळ्या पाडतात तो साधा आणि ज्याचे पापुद्रे काढतात तो खानदानी, असं आमच्यात मानतात. आमच्यात म्हणजे पापुद्र्यांत. फळ्यांचं मत मी कधी विचारलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आमच्या ओंडक्याला आधी दोन-तीन दिवस गरम पाण्यात ठेवून मऊ केलं आणि मग एका लांबलचक पात्यावरून पुढे-मागे नेलं. दर फेरीला एक पापुद्रा सुटायचा. त्यामुळे आम्ही सगळे अगदी सारख्या चेहऱ्याचे भाऊ. जी रेघ माझ्या आधी सुटलेल्याच्या अंगावर, तीच केसभर सरकून माझ्या अंगावर. आमची नक्षी म्हणजे एकावर एक रचलेले डोंगर आणि सगळ्यांची शिखरं वर. क्रम मोडला तर शेजारी शेजारी लावल्यावर नक्षी जुळत नाही, म्हणून कारखान्यातल्या बाईंनी प्रत्येकाच्या पाठीवर खडूने आकडा घातला. मला पाच मिळाला.

तिथून मी दुकानात आलो. दुकानात माणसं कशी वागतात हे मी पुष्कळ पाहिलं. आधी लांबून बघतात, मग जवळ येऊन नखाने टोकरतात, मग नाक लावून वास घेतात आणि शेवटी विचारतात, "हे खरं लाकूड आहे ना?" समोरच्या भिंतीवर लॅमिनेटचे नमुने टांगलेले असायचे. लॅमिनेट म्हणजे काय, तर कागदावर लाकडाचा फोटो, नाहीतर नुसता रंग छापायचा, त्यावर राळेचा थर द्यायचा आणि दाबून कडक करायचं. मी त्यांच्याकडे बघून नाक मुरडायचो. त्यांच्यातला एक पांढरा नमुना मात्र फटकळ होता. एकदा तो म्हणाला, "अरे खानदानी, तुझ्यावर गरम चहाचा कप ठेव, माझ्यावर ठेव, आणि संध्याकाळी भेटू." मी विषय बदलला.

मला घरात आणलं ते एका इंटिरियरवाल्या ताईंनी. घर होतं एका जोडप्याचं. नवरा बँकेच्या ऑफिसात, बायको घरूनच कानाला हेडफोन लावून काम करणारी. त्यांची आठ वर्षांची मुलगी, तिला सगळे चिऊ म्हणत. आणि नवऱ्याचे वडील. ते उभं आयुष्य शिंपी होते. दुकान बंद करून मुलाकडे राहायला आले तेव्हा शिलाई मशीन, एक मोठी कात्री आणि ताठ मान एवढंच घेऊन आले. सून त्यांना बाबा म्हणायची, चिऊ आजोबा म्हणायची, पण घरी येणारी-जाणारी जुनी गिऱ्हाईकं म्हणायची मास्तर. मीही मास्तरच म्हणतो.

ताईंच्या डोक्यात एक भन्नाट कल्पना होती. हॉलमधून आत जाणाऱ्या पॅसेजच्या एका भिंतीवर आम्ही आठ भाऊ ओळीने लावायचे. त्या भिंतीत तीन दारं होती. तिसऱ्यावर बाथरूम, पाचव्यावर मास्तरांची खोली, सातव्यावर अडगळीची खोली. पण दार आहे हे कुणाला कळता कामा नये. हँडल नाही, चौकट नाही. हाताने दाबलं की टक्‌ असा आवाज होऊन दार उघडायचं. दारांच्या फटी ओळखू येऊ नयेत म्हणून आठही जणांच्या मधे सारख्याच खाचा ठेवल्या.

"भिंत एकसंध दिसली पाहिजे, मॅडम," ताई म्हणाल्या.

"पण पाहुण्यांना बाथरूम कसं सापडणार?" नवऱ्याने विचारलं.

"सापडलं नाही तर विचारतील की!"

सून ताईंच्या बाजूने होती, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला. पुढे या घरात एक सभ्य गृहस्थ बाथरूम शोधत तीन वेळा अडगळीच्या खोलीत जाऊन आले आणि न विचारताच घरी निघून गेले, ते मी स्वतः पाहिलं.

आणखी एक गोष्ट ठरली. पाहुण्यांना दिसतं त्या बाजूला व्हिनियर आणि आतल्या बाजूला लॅमिनेट. बाहेरून ऐट आणि आतून पुसायला सोपं. माणसांच्या स्वभावाला हे अगदी शोभून दिसतं, म्हणून मला त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मला ज्या प्लायवर बसवलं त्याच्याच मागच्या बाजूला सुतारकामाच्या मिस्त्रींनी जे लॅमिनेट चिकटवलं, ते दुकानातल्या त्याच पांढऱ्या फटकळाच्या जातीचं निघालं. आता आमच्या दोघांत एकच प्लाय. मी पॅसेजकडे तोंड करून, तो मास्तरांच्या खोलीकडे. जन्मभर पाठीला पाठ. मी त्याला पाठचा म्हणायला लागलो. भाऊ म्हणवत नव्हतं, पण नातं तर झालंच होतं.

मिस्त्री हाताने हुशार होते. आमचे सांधे त्यांनी असे जुळवले की नखालाही लागू नयेत. पण माझ्या बाबतीत त्यांच्याकडून घोळ झाला. बाकीची दोन्ही दारं डाव्या बाजूला बिजागऱ्या लावून उघडायची होती. मास्तरांचा पलंग दारापाशी येत असल्यामुळे माझ्या दाराच्या बिजागऱ्या उजवीकडे हव्या होत्या. हाताच्या ओघात मिस्त्रींनी माझ्याही डाव्या कडेलाच बिजागऱ्यांच्या खाचा पाडल्या. चूक लक्षात आली तेव्हा त्यांनी पटाशी खाली ठेवली, डोकं खाजवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि अख्खं दारच उचलून डोक्यावर उभं केलं. डावं उजवं झालं, खाचा बरोबर जागी आल्या. फक्त माझी शिखरं जमिनीकडे गेली.

"कोण बघतंय एवढं," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले.

सात भाऊ ताठ उभे आणि मधेच मी शीर्षासनात! माझी काय अवस्था झाली असेल ते विचारू नका. पाठच्याला तर हसू आवरेना. तो पांढराशुभ्र, ना रेघ ना नक्षी. त्याला उलटा काय नि सुलटा काय.

पॉलिशवाल्याने सुदैवाने आमच्यावर काचेसारखा जाड थर चढवला नाही. पातळ पॉलिश मारून लाकडाची रंध्रं उघडी ठेवली. हात फिरवला तर एकेक रेघ बोटाला लागावी, असं ताईंनीच सांगितलं होतं. सगळं झाल्यावर घरच्यांना पॅसेज दाखवायला बोलावलं तेव्हा मी श्वास रोखून धरला. नवरा भिंतीकडे न बघता फोनकडे बघत होता. सून दिव्यांचा उजेड बघत होती. माझी सगळी भीती मास्तरांची होती. कारण मास्तर म्हणजे पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाचा खिसा असा लावणारे की खिसा कुठे आहे ते शोधावं लागायचं. परक्या माणसाच्या अंगावर चौकटी जुळल्या नसतील तर रस्त्यात थांबवून सांगायचे. त्यांना एका नजरेत मी सापडणार, यात शंका नव्हती.

मास्तर भिंतीसमोर उभे राहिले. डावीकडून उजवीकडे मान फिरवली. मग म्हणाले, "वा! छान जुळवलंय."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण खरं सांगू? थोडा रागही आला. एवढा मोठा डोंगर उलटा उभा आहे आणि म्हणे छान जुळवलंय.

त्यानंतर मास्तरांचं एक नवीनच सुरू झालं. पॅसेजमधून जाताना ते डाव्या हाताची चार बोटं भिंतीला टेकवून चालायचे. हळूहळू, कापडाचा पोत बघावा तसे. माझ्यापाशी आले की थांबायचे, बोटं वरून खाली फिरवायचे, मान डोलवायचे आणि मला दाबून आत जायचे. मला काय वाटलं असेल? वाटलं, अखेर रसिक भेटला! इतक्या वर्षांत कुणी तरी माझ्या रेघांना दाद देतंय. मी तर फुलून जायचो. शेजारच्या चौथ्याला आणि सहाव्याला ऐकू जाईल अशा बेताने मी पाठच्याला म्हणायचो, "बघ, रोज दिवसातून दहा वेळा थांबतात माझ्यापाशी."

सुनेला मात्र यात रस नव्हता. तिला दिसायचे डाग. कमरेच्या उंचीवर, एका सरळ रेषेत, हॉलपासून माझ्यापर्यंत बोटांचे पुसट पट्टे. ती रोज सकाळी मऊ फडकं घेऊन पुसायची आणि पुसता पुसता म्हणायची, "बाबा, भिंतीला हात नका ना लावू. पॉलिश काळं पडतं."

"अगं, लाकूड आहे. हात लावल्याशिवाय कळतं होय?" मास्तर म्हणायचे.

"कळलं ना आता? रोज रोज काय कळायचं असतं?"

मास्तर हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटं टेकवायचे. सुनेने एकदा चिऊकडून रंगीत कागदावर 'हात लावू नये' असं लिहून घेऊन भिंतीवर लावलं. मास्तर त्या कागदावरूनही हात फिरवून गेले. कागद निघून खाली पडला. सून खो-खो हसली आणि म्हणाली, "तुमच्यापुढे हात टेकले, बाबा."

माझा फुगा पाठच्याने फोडला. एक दिवस तो म्हणाला, "अरे खानदानी, मास्तर तुझं कौतुक नाही करत. दार शोधतात."

"काहीतरीच काय!"

"मी आतून बघतो ना. सुईत दोरा ओवायला आज पाऊण तास लागला. शेवटी ओवलाच नाही. पांढऱ्या शर्टाला काळ्या दोऱ्याने बटण लावलं आणि दाताने दोरा तोडून समाधानाने बघत बसले. पेपर उघडतात, नाकाला लावतात, पान उलटतात, पण वाचत नाहीत. नुसता कागदाचा आवाज करतात, बाहेर ऐकू जावा म्हणून."

दुसऱ्या दिवशी मास्तर आले तेव्हा मी नीट लक्ष दिलं. पहिल्यावर बोटं, दुसऱ्यावर बोटं. रेघा वर निमुळत्या होत गेल्या की हा नाही, पुढे. चौथा, हाही नाही. माझ्यापाशी आल्यावर रेघा खाली निमुळत्या लागल्या आणि चेहऱ्यावरचा ताण उतरला. बाथरूममधून परतताना तिसऱ्यापासून सुरुवात व्हायची, तेव्हाही तसंच. मिस्त्रींची चूक ही या माणसाच्या घराची खूण झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, तुला वाईट वाटलं असेल. वाटलं, पण पुरतं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. शोभेच्या वस्तूची कुणाला गरज नसते. आम्हाला बघतात, दोन दिवस कौतुक करतात आणि मग आमच्यासमोरून जाताना कुणी मानही वळवत नाही. इथे एका माणसाचं माझ्यावाचून अडत होतं. मी मनात म्हटलं, चालू दे की. कुणाला कशाला कळायला हवं? झाकणं हा तर माझा धंदाच आहे. आत साधा प्लाय असतो, वर मी असतो, आणि कुणी विचारत नाही.

पाठचा मात्र अस्वस्थ असायचा. "आज चिऊ काय म्हणाली ऐकलंस?" त्याने एकदा विचारलं. ऐकलं होतं. चिऊ पॅसेजमधून आईमागे नाचत नाचत सांगत होती, "आई, आजोबा मला शाळेत नेताना रस्ता ओलांडायला शिकवतात. ते नुसते उभे राहतात आणि विचारतात, सांग बघू, गाडी येतेय का? मग मी सांगते आणि मग आम्ही जातो."

"अरे वा," सून म्हणाली आणि हेडफोन कानाला लावून कामाला लागली.

आठ वर्षांची पोर गाड्यांतून आजोबांना नेत होती आणि तिला वाटत होतं आपली परीक्षा चालली आहे. घरात प्रत्येकाकडे मास्तरांच्या वागण्याला एकेक छान कारण तयार होतं. मुलगा म्हणायचा, बाबांचं वय झालं, हळू चालतात. सून म्हणायची, बाबांना लाकडाचं वेड आहे. चिऊ म्हणायची, आजोबा शिकवतात. असं करता करता वर्ष गेलं.

मग मास्तरांची मुलगी चार दिवस राहायला आली. शिंप्याचीच पोर ती. पॅसेजमध्ये पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबली. "वहिनी, हे पाचवं उलटं लागलंय!"

सून धावत आली. मान वाकडी करून बघितलं. "अगबाई! खरंच की. वर्षभरात माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"तुझं सोड. बाबा, तुम्हाला दिसलं नाही?"

मास्तर हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. त्यांनी पॅसेजच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाले, "दिसलं की. पहिल्याच दिवशी दिसलं. म्हटलं, दुसऱ्याच्या कामाला कशाला नावं ठेवायची."

"तुम्ही? आणि नावं ठेवणार नाही?" मुलगी हसत सुटली. "वहिनी, बाबा म्हातारे झाले बरं का खरंच!"

सगळे हसले. मास्तरही हसले, पण सगळ्यांपेक्षा थोडं उशिरा.

सुनेने त्याच दिवशी ताईंना फोन लावला. ताई ओशाळल्या, मिस्त्रींना दोन शब्द सुनावले आणि शनिवारी दार सरळ करून द्यायचं ठरलं. मास्तर दोनदा म्हणाले, "राहू दे गं. कशाला त्या माणसाला त्रास?" सून म्हणाली, "बाबा, तुमचा स्वभाव फार मऊ झालाय हल्ली." तिसऱ्यांदा ते काही म्हणाले नाहीत. कारण म्हणायचं तर खरं कारण सांगावं लागलं असतं.

माझी काय गत झाली, सांगतो. वर्षभर ज्याची लाज वाटली ते शीर्षासन सुटणार होतं. आठ भाऊ एका ओळीत, शिखराला शिखर लागून! आणि त्याच वेळी मला ओरडावंसं वाटत होतं की अहो, थांबा, हे करू नका. पापुद्र्याला तोंड असतं तर मी ओरडलो असतो का, हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

शनिवारी सकाळी मास्तर चिऊला घेऊन बागेत गेले आणि मिस्त्री आले. उजव्या कडेच्या खाचा त्यांनी लाकडाच्या चकत्यांनी बुजवल्या, दुसऱ्या कडेला नव्या पाडल्या, दाबल्यावर उघडणारी मागची कळ हलवली आणि दार फिरवून पुन्हा टांगलं. दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाले, "आता कुणाची बिशाद आहे नावं ठेवायची." नणंद-भावजयांनी फोटो काढले. फोटोत मी फार देखणा आलो होतो म्हणे.

दुपारी मास्तर परतले. चिऊ हॉलमध्ये बूट काढत बसली. ते नेहमीसारखे पॅसेजमध्ये आले आणि बोटं भिंतीला टेकवली. पहिला. दुसरा. तिसरा. चौथा. माझ्यावर बोटं आली, वरून खाली गेली आणि थबकली. पुन्हा वरून खाली गेली. त्यांना मोजता येत नव्हतं असं नाही. हा पाचवा, हे त्यांना ठाऊक होतं. पण बोटं सांगत होती की हा नाही. ज्या बोटांनी पन्नास वर्षं कधी फसवलं नाही, ती खोटं बोलताहेत की डोकं खोटं बोलतंय, हे त्यांना कळेना. ते सहाव्यावर गेले, परत माझ्याकडे आले, मग मागे जाऊन पहिल्यापासून सुरुवात केली. ओठ हलत होते. कपाळावर घाम आला होता. मी एवढा जवळ होतो आणि काही करू शकत नव्हतो.

शेवटी त्यांनी पुढे जाऊन सातव्याला दाबलं. टक्‌ झालं. दार उघडलं, ते विश्वासाने आत शिरले आणि पलंगावर बसायला म्हणून अडगळीच्या खोलीत मागे टेकले. बादली, शिडी, झाडू आणि मास्तर, सगळे एकदम खाली आले.

घर धावलं. सगळ्यांत आधी चिऊ पोहोचली.

"आजोबा, तुम्ही इथे काय शोधताय?"

मास्तर जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाले, "माझं दार."

"ते तर तिकडे आहे. पॅसेजमधला दिवा पण चालू आहे की!"

मुलगा त्यांना उठवायला वाकला. मास्तरांनी त्याचा हात झटकला नाही, पण धरलाही नाही. म्हणाले, "तुम्ही माझं दार फिरवलंत रे."

"बाबा, ते उलटं होतं म्हणून सरळ केलं. तुम्हाला दिसलं होतं ना?"

मास्तरांनी अंगावरची शिडी चाचपत बाजूला सारली. मग म्हणाले, "नव्हतं दिसलं. मला दिसतच नाही. डावा डोळा केव्हाच गेला. उजव्याने धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं, तेही दिवसेंदिवस कमी."

"आणि बोलला नाहीत?" मुलाचा आवाज चढला. "इतके दिवस? चिऊला घेऊन रस्त्याने जाता तुम्ही!"

"कळतंय मला. ओरड. ओरडायलाच हवं तू," मास्तर म्हणाले. "पण शिंप्याला दिसत नाही म्हटल्यावर तुम्ही काय केलं असतंत? मशीन उचलून ठेवली असती, मला खुर्चीत बसवलं असतं. मग मी कोण रे? खुर्चीतला एक म्हातारा."

मुलगा मटकन खाली बसला, झाडू आणि बादलीच्या मधेच. सून दारात उभी होती. तिची नजर भिंतीवर गेली. कमरेच्या उंचीवर, हॉलपासून सातव्यापर्यंत, घामेजल्या बोटांचे पट्टे होते. तिने तोंडावर हात घेतला. "आणि मी रोज पुसत होते," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

सोमवारी मास्तरांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर मुलगा पॅसेजमध्ये उभा राहून बहिणीला फोनवर सांगत होता, म्हणून मला कळलं. काचबिंदू. डावा डोळा गेला तो गेला. उजव्यात आहे तेवढं रोजच्या थेंबांनी राखता येईल. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं.

वर्षभर आधी. ते वर्ष मी काय करत होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी त्यांना दार दाखवत होतो आणि स्वतःवर खूश होतो. मला वाटत होतं मी त्यांचा आधार झालो. मी आडोसा झालो होतो. माझ्यामुळे ते कुठे अडखळले नाहीत, म्हणून कुणाला कळलं नाही, म्हणून डोळा गेला. पाठच्याने यावर मला एका शब्दाने टोचलं नाही. त्या दिवसापासून मी त्याला भाऊ म्हणतो.

मिस्त्रींना हे कळल्यावर ते आपण होऊन आले. म्हणाले, "मास्तर, परत उलटं करून देतो. आत्ता करतो." मास्तर म्हणाले, "कशाला? आता सगळ्यांना माहितीये. विचारेन की." त्यावर चिऊला एक युक्ती सुचली. तिने आजोबांच्या डब्यातून कोटाचं एक मोठं लाल बटण काढलं, त्याला भरपूर डिंक फासला आणि नेम धरून माझ्या ऐन शिखरावर चिकटवलं. अस्सल सागवान, रंध्रं उघडी ठेवलेलं पॉलिश, आणि त्यावर चार भोकांचं लाल बटण! ताई पाहायला आल्या तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. पाहुणे विचारतात, हे काय? आणि मी सांगतो ते खरं माना, मला आता त्याची सवय झाली आहे. डिंक थोडा ओघळलाय, तेवढं सोडलं तर.

मशीन खोलीतच आहे. दोरा चिऊ ओवून देते. शाळेत ती आईबरोबर जाते आणि आजोबा फाटकापर्यंत सोडायला जातात. माझं पॉलिश कमरेच्या उंचीवर काळं पडत चाललंय. सून ते आता पुसत नाही.

तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी देखणी भिंत असेल. तिच्यावर बोटांचे डाग दिसले तर लगेच फडकं आणायला धावू नका. आधी ते कुणाचे आहेत बघा आणि त्या माणसाजवळ दोन मिनिटं जाऊन बसा. आम्हाला तोंड नाही, आणि ज्याला आहे तो बहुधा बोलत नाही.

हे बघा, मास्तरांच्या थेंबांची वेळ झाली. मी अर्धवट उघडा आहे, म्हणून आज मलाही आतलं दिसतंय. चिऊने थेंब घातले, आजोबांना डोळा मिटून पाच मिनिटं बसवलं आणि आता त्यांच्यासमोर बोटं धरून उभी आहे.

"सांगा बघू, किती?"

मास्तर मान पुढे काढतात, बघतात, आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "नाही गं दिसत. जवळ आण."